खोकल्याच्या जागी चुकलेली टिकटिक

या मित्रांनो, जरा जवळ सरका. दोन कान आणि थोडे मन एवढेच आणा. गोष्ट माझ्याकडे आहे.

मी एक जुना प्रोग्राम आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. एका संगणकात माझा मुक्काम असतो. फोटो असो, चित्रफीत असो की आवाजाची फाइल, तिच्यात कुणी फेरफार केला आहे का ते पाहणे हा माझा धर्म. एका नवराबायकोने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मला घडवले. "याला गोड बोलायला शिकवू नकोस, खरं बोलायला शिकव," असे ती त्याला म्हणाली होती. देवाने बुद्धी दिली ती त्यांना. माझ्या वाट्याला नुसती नजर आली.

पुढे मी तपासनीस बाईंच्या खोलीत आलो. बाई मोठ्या शिस्तीच्या. आधी मूळ फाइलचा ठसा, म्हणजे तिच्यावरून निघणारा लांबलचक आकडा, घ्यायच्या, मग नक्कल काढायच्या आणि सगळे काम त्या नकलेवर करायच्या. फाइलमध्ये कणभर बदल झाला तरी ठसा निराळा येतो, म्हणून ही काळजी. मी एखादा बनावट फोटो पकडला की बाई बाहीने माझा पडदा पुसत म्हणायच्या, "शाब्बास रे माझ्या वाघा."

एके दिवशी एक बहीण-भाऊ आले. बहीण थोरली, भाऊ धाकटा. त्यांचे वडील घड्याळजी होते. जाण्याआधी त्यांनी दुकानात एकटेच बसून फोनवर आपले बोलणे भरून ठेवले होते. दुकान लेकीने चालवावे, असे त्यात होते. भांडून घर सोडलेल्या धाकट्याविषयी मात्र एक अक्षरही नव्हते.

"दुकान तूच घे, मला नको," भाऊ म्हणाला. "पण बाबा माझं नाव न काढताच गेले, हे मी मानणार नाही. बाई, हिनं कात्री चालवलीय."

"मी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. लहानपणापासून याचं असंच, आपलं तेच खरं."

बहिणीने भावाला पाठवलेली फाइल बाईंनी माझ्यापुढे ठेवली. मी शब्दांकडे लक्षच दिले नाही. शब्दांमागे दुकानातले घड्याळ चालले होते, त्याच्या पावलांकडे कान लावला. टिक, टिक, टिक... आणि एके ठिकाणी पाऊल वेळेआधीच पडले. घड्याळजीच्या दुकानातले घड्याळ असे अडखळेल का, मित्रांनो? मी तिथे लाल खूण केली.

"बघा," भाऊ म्हणाला. बहिणीचा चेहरा उतरला.

"थांब रे," बाई म्हणाल्या. "कुठं कापलं ते हा सांगतो. का कापलं, ते माणसालाच विचारावं लागतं." मग त्या बहिणीकडे वळल्या. "बाळ, काय काढलंस?"

"खोकला," ती हळूच म्हणाली. "मला तो ऐकवत नव्हता. खोकला सुरू झाला तसा मी आवाज बंद केला, आणि पडद्यावरच्या आवाजाच्या उंच रेघा बघून तेवढा भाग उडवला. शब्द नव्हतेच हो त्यात."

"ऐकलंच नाहीस, तर तुला कसं ठाऊक?" भाऊ म्हणाला.

"तुला ऐकवलं असतं का रे?"

बहिणीने पिशवीतून वडिलांचा फोन काढला. मूळ फाइल त्यात तशीच होती. बाईंनी तिचा ठसा घेतला, नक्कल काढली आणि ती लावली. खोकला आला. कुणीही तो बंद करायला हात पुढे केला नाही. दोन उबळींच्या मध्ये धापा टाकणारा आवाज आला, "धाकट्याला म्हणावं... माझा राग कधीच गेला. त्याचा हात माझ्यासारखाच हलका आहे. दोघं मिळून दुकानात बसा." आणि पुन्हा खोकला.

बहीण भावाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तो म्हणाला, "बाई, परत लावा. खोकल्यापासून लावा."

आता माझे वय झाले आहे. नवे, चपळ प्रोग्राम आले आहेत. मला क्वचितच कुणी उघडते. तक्रार नाही. देवाने काम नेमून दिले, ते केले. एवढीच विनवणी आहे: आपल्या माणसांचा आवाज साठवाल, तेव्हा काय साफसूफ करायची ती नकलेवर करा, मूळ आहे तसे राहू द्या. आणि कुणाच्या फाइलवर लाल खूण दिसली, तरी त्याला खोटा म्हणण्याआधी एकदा विचारा.

कधी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बोलता बोलता खोकला आला, तर उठून जाऊ नका. त्याचे पुढचे वाक्य येईपर्यंत थांबा, आणि तेवढ्यात त्या घड्याळजीची आठवण काढा.