सुधन्वाची जागा

हेमलताबाईंनी बाक ढकलत खिडकीपाशी नेलं आणि मागे वळून पाहिलं, तर पहिल्या बाकावर पुन्हा चौघं दाटीवाटीनं बसलेली.

"एका बाकावर एकच म्हटलं ना मी? मराठी कळतं की हिंदीत सांगू?"

"हिंदीत चालेल, बाई," इंद्रजित म्हणाला आणि वर्ग खिदळला.

सकाळपासून हेच चाललं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. दिल्लीच्या पहाडगंजातल्या या मराठी शाळेतली मुलं दर वर्षी गळत होती. कुणी नोएडाला, कुणी फरीदाबादला नव्या फ्लॅटमध्ये गेलं, की तिथलीच इंग्रजी शाळा धरायचं. आज शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला येणार होते. सातवीचा वर्ग रिकामा दिसला, तर तो सहावीत मिसळणार आणि हेमलताबाईंची नोकरी जाणार. म्हणून मुलांना खोलीभर पसरायचं होतं, आणि कार्टी एकमेकांना चिकटून बसत होती.

"ममता, तू त्या मधल्या बाकावर जा."

ममता गेली आणि बाकाच्या एका टोकाला टेकली.

"अगं, मधोमध बस! बाक भरलेलं दिसू दे."

"तिथं सुधन्वा बसतो, बाई."

सुधन्वा हेमलताबाईंचाच मुलगा. जूनपासून तो फरीदाबादला, नव्या घराजवळच्या शाळेत टाय लावून जात होता. तिथं कॉम्प्युटर होता. वर्गाला त्यांनी सांगितलं होतं, घर लांब पडतं, थोडे दिवस येणार नाही. आता दिवाळीही होऊन गेली होती. पालकसभेत मात्र त्या अजून कळवळून सांगत, मुलांना काढू नका हो. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

"मधे बस म्हटलं ना!"

ममता हलली नाही. तिचे वडील फौजेत. राखायला दिलेली जागा सोडायची नाही, हे ती घरातूनच शिकली होती.

तेवढ्यात मुख्याध्यापक भाऊसाहेब पाहुण्यांना घेऊन दारात आले. साहेबांची नजर वर्गभर फिरून ममताच्या बाकावर थांबली.

"ये जगह ख़ाली क्यों है?"

"सर, ये बाई के बेटे की है," ममता उभी राहून म्हणाली. "वो आएगा."

साहेब हेमलताबाईंकडे वळले. साहेबांचा चेहरा सैलावला.

"अच्छा, आपका बेटा भी यहीं पढ़ता है? टीचर अपने ही बच्चे को जिस क्लास में बिठाए, उसे मैं कैसे बंद करूँ?"

भाऊसाहेब छताकडे पाहू लागले.

"जी," हेमलताबाई म्हणाल्या. लाजेनं त्यांचे कान तापले होते.

साहेब गेले. वर्ग वाचला. मुलं आता कुणी न सांगता एकेका बाकावर बसून बाईंकडे बघत होती.

"बाई," ममतानं विचारलं, "मग सोमवारी येईल ना तो?"

"आधी बाकं सरळ करा!" हेमलताबाई खेकसल्या.

बाकं सरळच होती.