डावरे टाके

तिची भरतकामाची पहिली कार्यशाळा उद्यावर आली आणि तिचा सगळा जीव सुयांत अडकला. शिकायला येणाऱ्या प्रत्येकीसाठी कापड कापून, रिंगवर ताणून, दोऱ्याच्या लड्या सोडवून झाल्या होत्या. सुया मात्र तिने लोहचुंबकाला चिकटवून थेट कपाटाच्या माथ्यावर ठेवल्या होत्या. तिची लेक चिमणी नुकतीच चालायला लागली होती आणि दिसेल ते तोंडात घालत होती.

"टाके शिकवणार आहेस की शस्त्रक्रिया?" सासूबाईंनी दारातूनच विचारलं.

"आई, एक सुई जरी खाली पडली ना, तर माझा जीव जायचा."

"मग चिमणीला मी बघते. तू बस सराव करत. फक्त ताईच्या फ्रेमवरचं कापड उतरवू नकोस."

ताई म्हणजे तिची नणंद. याच खोलीत ती भरतकामाचे वर्ग घ्यायची. ती गेली त्याला वर्ष होत आलं, तरी खिडकीपाशी, चिमणीचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, तिची मोठी फ्रेम तशीच उभी होती. वेलीचं एक पान अर्धवट, दोरा ओवलेली सुई कापडात टोचलेली. रोज दुपारी सासूबाई यायच्या, लेकीच्या शेवटच्या टाक्यावर बोट टेकवायच्या आणि चहा ठेवायला निघून जायच्या.

हिला भरतकाम शिकवलं ते ताईनेच. बाळंतपणानंतर घरात बसून बसून जीव आंबून गेला होता. उद्याचं जमलं, तर स्वतःचं म्हणावं असं काहीतरी हाताशी येणार होतं.

ती फ्रेमसमोर बसली आणि उद्याचं बोलून बघू लागली. "हा दांडी टाका. दोरा सुईच्या एकाच बाजूला ठेवायचा. फार ओढायचा नाही, कापड गोळा होतं." रिकाम्या हातांनी समजावणं जमेना, म्हणून तिने कापडात टोचलेली ताईची सुई नुसती हातात घेतली. पलीकडे चिमणी खिदळत होती. तिकडे कान ठेवून ती बोलत राहिली. "वळण आलं की टाका लहान करायचा, बरं का, म्हणजे वेल कशी लाडात वळते."

हे वाक्य तिने तयार केलेलं नव्हतं. ते ताईचं होतं. शेवटचा हेलसुद्धा ताईचाच.

तिने खाली पाहिलं. पानाची कड काही टाक्यांनी पुढे सरकली होती.

उसवायला कात्री उचलली खरी, पण उसवायचं कुठून? ताई डावरी, तिचे टाके उलट्या बाजूला तिरपे पडायचे. हिचा उजव्या हाताचा एक टाका शेजारी आला असता, तर लगेच ओळखू आला असता. इथे तर सगळे एकाच हातचे. चुकून ताईचाच शेवटचा टाका कापला गेला तर?

तेवढ्यात सासूबाई चिमणीला कडेवर घेऊन आल्या. त्यांनी बोट टेकवलं. ते जरा थांबलं, मग हळूहळू पुढे सरकत गेलं.

"पुढे गेलीय," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका निवळलेला तिने वर्षभरात पाहिला नव्हता.

"आई, ते मी घातलेत. बोलता बोलता."

"तू? अगं, हे डावरे टाके आहेत. घालून दाखव बघू."

तिने उजव्या हाताने एक घातला. तो त्या ओळीत आगंतुकासारखा दिसला.

"हा तुझा," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "काढ तो."

तिने काढला. सुई परत टोचताना डाव्या हाताच्या मधल्या बोटावर सुईच्या बुडाचा खोल ठसा उमटलेला दिसला. त्या हातात तिने जन्मात सुई धरली नव्हती. तिने मूठ मिटून घेतली.

"उद्या मी शेजारी बसेन," सासूबाई म्हणाल्या. "तू आपली शिकवत राहा. ताईचा हात लागला की मला कळेल."

"आणि नाही लागला तर? मी एकटीच असले तर?"

"तर काय," चिमणीच्या केसांतून हात फिरवत सासूबाई म्हणाल्या, "परवा परत या फ्रेमसमोर बसशील."