बाराव्या काचेतलं भोक

मी सूतगिरणीच्या गल्लीकडची खिडकी बोलतेय. मी भोचक आहे असं म्हणतात, आणि ते खरंच आहे. जन्मभर गल्लीकडे तोंड करून उभं राहायचं अन् कुणाच्या घरात डोकावायचं नाही, हे कसं जमायचं?

माझी चौकट सागवानी, काचा बारा. कामगार बाहेर बघत बसतात म्हणून मालकानं सगळ्या काचांना हिरवा रंग फासला. तेव्हापासून आत तळ्याच्या तळाशी असावा तसा उजेड. कापसाचे तंतू त्यात पोहत असायचे.

माझ्याशेजारी बसून एक बाई सुताच्या कांड्या भरायची. तिची तान्ही लेक समोरच्याच घरात, सासूजवळ. एके दिवशी तिनं केसातला आकडा काढला आणि बाराव्या काचेवरचा रंग खरवडला, करंगळीच्या नखाएवढा. पोर भुकेनं उठली की सासू कठड्यावर लाल फडकं टाकायची. मग ही मुकादमाला सांगायची, "पोटात कळ आली."

"तुझं पोट रोज दहालाच बरं दुखतं गं!" म्हणायचा, पण सोडायचा.

पुढे गिरणी बंद पडली. त्या हिरव्या तळ्यात मी किती वर्षं झोपले, कोण जाणे.

जाग आली ती रंग खरवडणाऱ्या पत्र्याच्या खरखरीनं. गिरणीचं संग्रहालय होत होतं. आर्किटेक्टबाईंचा हट्ट एकच, जुनं काही फेकायचं नाही. पडक्या भिंतीच्या विटा मागच्या नव्या दालनाला लागल्या, आणि मी जागच्या जागी राहिले. रंगारी अकरा काचा खरवडून बारावीशी आला, तसा माझा जीव टांगणीला लागला. भोकाची गोष्ट माझ्याशिवाय कुणाला ठाऊक?

ती लेक आता म्हातारी झालेली. रोज काम बघायला यायची, भोचकपणात माझी धाकटी बहीणच. आई जाऊन वर्षं लोटली, तरी रुसवा ताजा.

"आईला मशीनच प्यारं! आजी कठड्यावर लाल फडकं टाकून म्हणायची, तुझी आई तिथून बघतेय हो. रंगवलेल्या काचांतून दिसणार काय, डोंबल?"

"मावशी, इथं कुणीतरी ओरबाडलंय. पुसून टाकतो," रंगारी म्हणाला.

"सरक, बघू."

ती वाकली, डोळा लावला. भोकातून तिच्या घराचा कठडा तेवढा दिसत होता.

तिनं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "अगं बाई... बघत होती की गं." आणि लगेच रंगाऱ्यावर खेकसली, "हात तर लावून बघ या काचेला!"

आता अकरा काचांतून लख्ख ऊन येतं. बारावी हिरवीच आहे. तुम्ही आलात तर जरा वाका. ती बाई बसून काम करायची, म्हणून भोक खाली आहे.

दहाच्या सुमारास या. समोरच्या घरात आता तान्हं कुणी नाही, तरी कठड्यावर लाल फडकं असतं.