इंगवलेबाईंएवढा दगड

फाल्गुनातली दुपार कलली की घाटमाथ्यावरून ऊन उतरू लागे. सावकाश, सोनपावलांनी; पांगाऱ्याच्या रक्तवर्ण तुऱ्यांना शिवत, वाळल्या गवताच्या पिंगट पाठीवरून हात फिरवीत. आणि गावाच्या टोकाला, टेकडीच्या कुशीत, ‘घननीळ’ नावाचा कृष्णपाषाणाचा बंगला त्या उन्हाची वाट पाहत उभा असे.

काळा म्हणजे किती काळा? सकाळी ओल्या काजळासारखा. दुपारी जांभळीच्या सावलीसारखा. आणि संध्याकाळी तो काळा राहतच नसे. त्या पाषाणाच्या पोटात, पुरातन अग्निरसाच्या गोठलेल्या बुडबुड्यांत, युगायुगांचे स्फटिक कणाकणाने साचले होते. कुणा अनामिक पाथरवटांनी असेच दगड वेचून, निवडून, मावळतीकडे तोंड करून पश्चिमेच्या भिंतीत बसवले होते. सूर्य डोंगराला टेकला की ती भिंत पेटे. धूर नाही, धग नाही. नुसते लक्ष लक्ष कण, नुसते थरथरते तेज.

बंगला बांधला एका लहानशा संस्थानाच्या दिवाणांनी. दिवाण गेले, संस्थान गेले, आणि बंगल्यात अध्यापिका विद्यालय आले. विद्यालयाने बंगल्यावर अतोनात माया केली. नाचघरात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचले. रंगीत काचांच्या कमानीत प्लायवूड ठोकून कारकुनांना आडोसा करून दिला. कोरीव स्तंभावर ‘शांतता राखा’ अशी पाटी लावली. तिचा खिळा ठोकताना मात्र फार आवाज झाला.

चित्रकलेच्या कुमुद इंगवलेबाईंनी एकतीस वर्षे या मायेकडे काणाडोळा केला, कारण पश्चिमेची भिंत त्यांची होती. कागदोपत्री नव्हे, एरवी. दर वर्षी नव्या मुलींना पहिल्याच तासाला त्या तिथे नेत. दगडावर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल आडवी फिरवायची. मग त्या शुभ्र कागदावर हलके हलके टाकीचे घाव उमटत. एका पाथरवटाचे सरींसारखे तिरपे. दुसऱ्याचे खसखशीसारखे बारीक. कुणा डावखुऱ्याचे उलट्या अंगाला कललेले.

“हा सव्वाशे वर्षांपूर्वीचा हात,” बाई म्हणत. “आज तुमचा हात त्याच्यावरून फिरतोय. काळा रंग बाटलीत मिळत नाही गं पोरींनो. तो असा बघावा लागतो.”

आणि मग वारसा समिती येणार असल्याचे पत्र आले. ‘घननीळ’ला वारशाच्या यादीत घ्यावे की नाही, हे ठरवायला शनिवारी संध्याकाळी तीन जाणकार येणार होते.

प्राचार्य डॉ. निशिकांत थिटे आनंदाने इतके भारावले, की त्यांनी बंगला रंगवायला काढला.

रंगही असातसा नव्हे. दगडी. तेलकट, तुकतुकीत, राखेच्या मेलेल्या वर्णाचा दगडी रंग. त्यावर पांढऱ्या रेघा ओढून आखलेले चौकोन, एकसारखे, एकजात आज्ञाधारक. म्हणजे पाहणाऱ्याला वाटावे, की भिंत दगडाची आहे.

“पण भिंत दगडाचीच आहे, सर,” बाई म्हणाल्या.

“आहे ना. पण तशी दिसायला नको? नुसती काळीकुट्ट. जुनी वाटते हो.”

“वारसा आहे, सर. जुनीच असणार.”

“असू दे की जुनी! पण जुनं दिसायचं कारण काय? पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण घरी आजोबांची दाढी करतोच की नाही?”

बाईंच्या कानशिलांत काहीतरी तडतडले. त्यांनी अर्ज लिहिला. अर्ज रीतसर दाखल झाला, त्यावर शिक्का उमटला. शिक्क्याची जांभळी छटा मात्र खरोखर सुरेख होती.

शुक्रवारी पूर्वेची भिंत रंगात बुडाली. शुक्रवारीच उत्तर बुडाली. शनिवारी दुपारी दक्षिण बुडाली. बाई वर्गाच्या खिडकीतून पाहत होत्या. खालून, खोलातून, काहीतरी वर चढत होते. हा दगडही कधीकाळी एक संतापच होता. धरणीच्या उदरातून उसळलेला, रानेवने जाळीत आलेला, निवायला युगे लागलेला, प्रचंड, प्रवाही, लालबुंद संताप. तो निवाला आणि त्याच्या भिंती झाल्या. बाईंचा अजून निवायचा होता.

त्यांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा कागद टाकला, खाली आल्या, आणि पश्चिमेच्या रुंद जोत्यावर, भिंतीला पाठ टेकून, मांडी घालून बसल्या.

थिटे धावत आले.

“बाई, हे काय मांडलंय?”

“बसलेय.”

“उठा बघू. चार वाजले!”

“मी रजेवर आहे, सर. रजेवरच्या माणसानं कुठं बसू नये, याचा नियम दाखवा. लगेच उठते.”

थिट्यांनी मनातल्या मनात सगळे नियम चाळले. असा नियम नव्हता, आणि ही उणीव त्यांच्या मुद्रेवर करुण होऊन पसरली. आतून मुलींच्या स्वागतगीताचा सराव ऐकू येत होता. दुसऱ्या कडव्यापाशी पेटी पुन्हापुन्हा अडखळत होती.

“दस्तगीर,” ते रंगाऱ्याला म्हणाले, “यांना सोडून बाकीचं रंगव.” आणि ते कडवे सावरायला आत गेले.

दस्तगीर पेंटरने डबा खाली ठेवला. पांढरी दाढी, कोपरापर्यंत राखाडी हात. तो थोडा वेळ बाईंकडे, थोडा वेळ भिंतीकडे पाहत राहिला. त्याची थोरली लेक याच विद्यालयात शिकून मास्तरीण झाली होती. तिने पेन्सिलीने उमटवलेला तो कागद त्याच्या घरी चौकटीत होता.

“सर काय म्हणाले, बाई? तुम्हाला सोडून.”

“हं.”

“मग अशा अंग चोरून काय बसलाय? ऐसपैस बसा की.”

बाईंनी वर पाहिले.

“हात लांबवा. हां, आणखी. आता पदर पसरा त्या हातावरनं. पदर तुमचाच न्हवं? मग त्यालाबी सोडायलाच लागतंय.”

बाईंनी दोन्ही हात भिंतीवर पसरले. उजव्या हाताने पदराचे टोक ताणून धरले, डाव्या हाताने खांद्यावरची शाल. दगड पाठीला तापलेला लागत होता, जित्या जनावराच्या कुशीसारखा.

आणि कुंचला फिरू लागला. ओला, लिबलिबीत, निर्विकार. दस्तगीर सांगितल्या कामाचा माणूस होता. तो काम चुकवीत नव्हता, फक्त बाईंच्या कडेने फार सावकाश, फार लांबून जात होता. एकेका स्फटिकाचा डोळा मिटत गेला. तिरपे घाव बुजले. खसखशीसारखे घाव बुजले. डावखुऱ्याचा हात मनगटापर्यंत बुडाला, मग बोटांपर्यंत, मग दिसेनासा झाला. बाई रडल्या नाहीत. त्यांनी दात आवळून सगळे पाहिले, कारण एकतीस वर्षे त्या पोरींना हेच सांगत आल्या होत्या: बघा.

समिती पावणेसहाला आली. हार झाले, नारळ झाले, दुसरे कडवे व्हायचे तसेच झाले. मग थिटे पाहुण्यांना चकचकीत भिंतींवरून मिरवीत मिरवीत पश्चिमेला घेऊन आले.

“इंगवलेबाई, उठा आता. पाहुणे आलेत.”

बाई उठल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली, तेवढाच आवाज.

मेलेल्या राखेच्या त्या अफाट पसाऱ्यात त्यांच्यामागे एक आकृती उरली होती. बसलेली. काळी. दोन्ही बाजूंना पंखांसारखे काहीतरी उभारलेली. आणि सूर्य डोंगराला टेकला होता, आणि ती आकृती पेटत होती.

“तेवढं राहिलंय,” थिटे हसून म्हणाले. “सोमवारी भरून घेतो.”

समितीतल्या वयस्क बाई पुढे झाल्या. त्यांनी त्या काळोख्या तेजावर तळहात ठेवला, मग शेजारच्या ओल्या रंगावर बोट टेकवले, आणि बोटाकडे पाहिले.

“बाकीची भिंतही अशीच होती?”

“होती,” इंगवलेबाई म्हणाल्या.

ऊन चढत गेले. मांडीवरून छातीवर, छातीवरून पसरल्या बाहूंवर. भोवती आज्ञाधारक चौकोन, पांढऱ्या रेघा, तेलकट शांतता. आणि मधोमध ती एकटी, विशालपक्ष, कृष्णवर्ण, ज्वालामय. मग डोंगराआड सूर्य बुडाला. आधी पंख विझले. मग हात. मग खांदे. आणि सर्वांत शेवटी, फार उशिरा, कपाळ.