घरातलीच सून

दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या हेमलताबाईंनी नातीची कुंची मागे सारली आणि तिच्या कपाळावर बोट घासून पाहिलं. काळपट रंग निघाला नाही.

"आमच्यात असं कोण न्हाई," त्या म्हणाल्या. "खाण तशी माती. हिची आई डोंगरातली, तिकडलं हाय हे."

हिची आई म्हणजे शेजारी बसलेल्या सुनेची, प्राजक्ताची आई. हेमलताबाईंच्याच धाकट्या भावाची, एकनाथची बायको. प्राजक्तानं पोरीचं तोंड पदरानं पुसलं. दोन महिन्यांचं पोर दूध ओकत होतं, दिवसेंदिवस सुकत होतं, आणि आजीला पडली होती रंगाची.

कासार आंबोलीत हेमलताबाईंच्या हुशारीचं कौतुक होतं. निदान त्यांना स्वतःला तरी होतं. एकनाथला दोन मुलीच. रस्त्याकडेची जमीन परक्या जावयांच्या घशात कशाला, म्हणून थोरली त्यांनी आपल्या लेकाला, कैलासला करून घेतली. मामाची मुलगी, अगदी रीतीला धरून. आता तिच्या पोटी असलं पोर आल्यावर त्यांनी दुसरा बेत रचला होता. हिला सोडचिठ्ठी देऊन माहेरी धाडायचं आणि धाकटी जान्हवी आणायची. कैलास आईपुढे तोंड उघडणाऱ्यांतला नव्हता. आताही गाडी लावायला म्हणून जो गेला, तो गेलाच.

आत डॉक्टरबाईंनी पोरीच्या आणि आईबापांच्या तपासण्यांचे कागद पुढे ओढले.

"शरीरातली बरीच संप्रेरकं कोलेस्टेरॉलपासून बनतात. काही मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत, काही अंडाशयात. पण ते कोलेस्टेरॉल पेशीतल्या कारखान्याच्या आत नेऊन सोडायला एक प्रथिन लागतं. हमाल समजा. हिचा हमाल कामाचा नाही. माल बाहेरच साचतो, आत काही तयार होत नाही. म्हणून ही ओकते आणि म्हणूनच काळवंडलीय. आज औषधं सुरू करू. ती जन्मभर चुकवायची नाहीत. मग ही वाढेल, शाळेत जाईल. वयात आल्यावर अंडाशयांकडे बघावं लागेल. मूल होणं अवघड जाऊ शकतं."

"म्हंजे वांझच की," हेमलताबाईंनी नाक मुरडलं. "आईकडनं आलं ना हे?"

"दोघांकडून. आईबापांत एकेक खोट आहे. एकेकच असल्यामुळे त्यांना त्रास नाही. नात्यातले आहेत का दोघं?"

"मामाचीच पोरगी हाय. बाहेरची न्हाई आणली आमी."

एवढं ऐकूनही तोरा होता तसाच होता.

"मामा म्हणजे तुमचा सख्खा भाऊ? मग सरळ आहे. दोघांतली खोट तंतोतंत एकच आहे. इतकी विरळ गोष्ट दोन वेगळ्या घरांतून येत नाही. तुमच्या आईवडिलांपैकी एकाकडून ती तुम्हा भावंडांत उतरली असणार. सुनेत ती तुमच्या भावाकडून आली. तिच्या आईचा यात संबंध दिसत नाही."

"आन् हिची धाकटी भन आणली तर?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. प्राजक्ताकडे पाहिलं, मग पुन्हा सासूकडे.

"तिच्यातही ती असू शकते. आणि तुम्ही हे हिच्यासमोर विचारताय?"

पिरंगुट मागे पडल्यावर एकनाथचा फोन आला. पुढच्या सीटवरून हेमलताबाईंनी तो ऐटीत उचलला. कैलास गाडी चालवत होता. मागे प्राजक्ताच्या मांडीवर पोर झोपलं होतं. एकनाथचा आवाज मोठा. सगळ्यांना ऐकू येत होता.

"आक्का, काय म्हनले डॉक्टर? आमच्याकडचीच खोट आसंल तर तू म्हनतीस तसं करतो. जान्हवीला आजच सांगतो."

"डॉक्टरला काय कळतंय," हेमलताबाई म्हणाल्या. "तू उद्या ये. बसून ठरवू."

मागून हात आला. प्राजक्तानं फोन काढून घेतला, स्पीकर चालू केला आणि सासूच्या तोंडासमोर धरला.

"बाबा, जान्हवीला काय बोलू नगा. आत्या सांगत्यात डॉक्टर काय म्हनल्या ते. त्यांनी न्हाई सांगितलं तर मी सांगते. गावालाबी सांगते."

हेमलताबाईंनी लेकाकडे पाहिलं. लेकानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. खिडकीबाहेर बघत बसला.

"आक्का? हायेस न्हवं?"

"आपल्यातलंच हाय रं," हेमलताबाई पुटपुटल्या. "आपल्या आईकडनं न्हाईतर अण्णांकडनं. तुझ्यातनं आन् माझ्यातनं आलंय. तुझ्या बायकोचं काय न्हाई त्यात."



"थांब आक्का," एकनाथ म्हणाला. "हितंच हाय ती. फोन देतो. तिला सांग."