बसून घेतलेलं माप

वेबसाइटवालीने सत्ताविसावा प्रश्न विचारला तेव्हा तो चामड्याची कड तासत होता. त्याने रापी खाली ठेवली नाही.

“काका, माप घेताना गिऱ्हाइकाने बसायचं की उभं राहायचं?”

“मी तुमचा काका नाही,” तो म्हणाला. “बसायचं.”

तिने ते टिपून घेतलं आणि अठ्ठाविसाव्या प्रश्नाकडे वळली. तो गालातल्या गालात हसला. तीस वर्षांत त्याने एकाही माणसाचं माप बसवून घेतलं नव्हतं. अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण शेंबड्या पोराला विचारतंय कोण!

त्यांच्या कारखान्यात साधे बूट होत नसत. एक पाय आखूड असलेली, बोटं गमावलेली, अपघातात घोटा मोडून वाकडा सांधलेली माणसं त्यांच्याकडे येत, आणि प्रत्येक पायाचा बूट वेगळा शिवावा लागे. वडिलांमागे धंदा मोठी बहीण बघायची, मापं तो घ्यायचा. कारागीर त्याला पाठीमागे ‘फुटपट्टी’ म्हणत, आणि हे त्याला माहीत होतं.

आता ताईला वेबसाइट हवी होती. गिऱ्हाईक घरबसल्या दोन्ही पायांची मापं भरणार, डॉक्टरांची चिठ्ठी जोडणार, बूट पडद्यावर फिरवून बघणार, आणि कारखान्यात नुसता कागद येणार. मापाची खोली मग कशाला हवी? तिथे खोकी भरायची.

त्या खोलीत एक खिडकी होती, एक लाकडी चौथरा आणि एक बुटकं स्टूल. माणसं तिथे मोजे काढायची आणि मोज्यांबरोबर लाजही. ती खोली राहावी, एवढंच त्याला हवं होतं.

“दिवसाला चार माणसं येतात तिथे,” ताई म्हणाली होती. “चार! बाकीचे आपले जिने बघूनच परत फिरतात. लंगड्या माणसाला दोन जिने चढायला लावतोस, वर अभिमान बाळगतोस.”

“मग मी काय करू? खोकी चिकटवू?”

“बूट कर. ते तर कोणी काढून घेतलं नाही ना तुझं?”

ताईशी वाद घालून आजवर कोणाचं भलं झालं नव्हतं. त्यापेक्षा वेबसाइटच तोंडावर आपटू दे, असं त्याने ठरवलं.

तीन महिन्यांनी चाचणी झाली. दहा जुन्या गिऱ्हाइकांनी घरी बसून, अगदी खुर्चीत बसून, मापं भरली आणि दहा कागद छापून आले. त्याला फक्त कागदाबरहुकूम बूट शिवायचे होते. दहाही जोड चावणार, दहाही परत येणार, हे ठरलेलंच होतं.

पहिला कागद निवृत्त मास्तरांचा होता. चवड्याची रुंदी चौऱ्याण्णव मिलिमीटर. त्याने चामडं कापलं, मोजून पाहिलं, तर अठ्ठ्याण्णव! त्याने स्वतःलाच एक कचकचीत शिवी हासडली आणि दुसरं चामडं घेतलं. पुन्हा तेच. ते पाऊल त्याने सहा वेळा हातात धरलं होतं, आणि ते कागदावरच्या आकड्यात मावत नाही हे बोटांना पाठ होतं. जाणूनबुजून चावणारा बूट त्याला शिवताच येईना. संध्याकाळपर्यंत त्याने हात टेकले आणि मग एकेक करत दहाही जोड पायांना हवे तसे केले.

दहाही जोड बसले. मास्तरांनी तर फोन करून ताईला आशीर्वाद दिले. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणजे काय, ते त्याला त्या फोनमुळे कळलं. ताईने खोक्यांसाठी मांडण्या मागवल्या आणि कपाटं हलवायला दोन माणसं बोलावली.

ती माणसं आली त्याच सकाळी वेबसाइटवाली थेट त्याच्या ठिय्याशी येऊन उभी राहिली. बूट गिऱ्हाइकांकडे जाण्याआधी तिने प्रत्येक आतून मोजून ठेवला होता.

“दहाही जोडांत बूट कागदापेक्षा मोठे निघाले.”

“मग?”

“मग मापात नसलेले बूट बसले कसे?”

“नशीब तुमचं.”

“नशिबावर वेबसाइट चालत नाही,” ती म्हणाली. “सरासरी साडेतीन मिलिमीटर जास्त आहेत. आता प्रत्येक मापात मी तेवढे आपोआप मिळवते. म्हणजे उद्या तुमच्या जागी कोणीही शिवू शकेल.”

त्याने रापी आपटली.

“सगळ्यांना सारखे? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? मास्तरांचं पाऊल चार पसरतं, त्या नर्सबाईंचं दोन, आणि ज्याचं पाऊल आखडलंय त्याचं तसूभरही नाही! त्याला साडेतीन सैल दिलेत तर भर रस्त्यात पडेल तो!”

“मग काय करू?”

“उभं करा की त्यांना!”

शिलाईची यंत्रं थांबली. ताई दारातच होती.

“तुम्ही बसायचं म्हणाला होतात,” वेबसाइटवाली सावकाश म्हणाली.

“म्हणालो होतो.”

“तीन महिने?” ताईने विचारलं.

“हो.”

ताई ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही.

“दुपारपर्यंत खोली रिकामी झाली पाहिजे,” ती त्या दोन माणसांना म्हणाली आणि निघून गेली.

वेबसाइटवालीने तिथेच लॅपटॉप उघडला, एक शब्द खोडला, दुसरा लिहिला आणि पडदा त्याच्याकडे वळवला. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता ना दया. “‘उभे राहून माप घ्या.’ बरोबर?”

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. त्याने हात पुसले आणि ती ओळ दोनदा वाचली.

“भिंतीला न टेकता,” तो म्हणाला.

तिने लिहिलं. पलीकडे चौथरा फरशीवरून खरडत निघाला होता. त्याने तिकडे पाहिलं नाही.

“झालं?”

“थांबा.” तो तिच्या शेजारी येऊन बसला. “दुखऱ्या पायावर माणूस भार टाकत नाही. मापापुरतं उभं राहिल्यासारखं करतो. तेही लिहा.”