पाय रुंद, डोकं लहान

माझ्या दिसन्यावर बोला, वयावर बोला, मी हसून सोडून देईन. माझ्या कामाला वाकडं बोललात तर मात्र माझं तोंड सुटतं. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक हाय. एकट्या प्रितमसाहेबांना ठाऊक नव्हतं.

मी हौसा. अकरा वर्सं इथलं माळीकाम मी करते. गेटापासून देवळापर्यंत कुंपनासारखी रांगेत बॉक्सवूडची बासष्ट झाडं हायत, बारीक पानांची, कमरेएवढी, ती माझ्या हातची. नर्सरीवाला तेव्हाच बोललेला, मावशी, ही थंड मुलखातली झाडं, पनवेलच्या उन्हात टिकायची नायत. मी पयले दोन उन्हाळे त्यांच्या डोक्यावर हिरवी जाळी बांधली, दुपारची भाकर त्यांच्या बाजूला बसून खाल्ली. जगली की. का नाय जगनार?

माझं माहेर उरणकडचं. बाप बळीराम मिठागरात बांध घालायचा. भरतीचं पानी आत शिरू नये म्हनून चिखलाचा बांध घालतात, तो खाली रुंद आनि वर निमुळता. सरळ उभा घातला की पयल्या उधानाला बसलाच खाली. बाप चिखल थापता थापता बोलायचा, "पाय रुंद ठेव हौसे, डोकं लहान ठेव." आठ वर्सांची असल्यापासनं माझ्या हाताला तीच सवय. झाडंपन मी तशीच कापली. वरचं डोकं लहान असलं की खालच्या पानांना ऊन मिळतं, हे मला कोनी शिकवलं नाय, बघून बघून कळलं.

दोन वर्सांमागं प्रितमसाहेब सेक्रेटरी झाले. मानूस वाईट नाय, पन पूल बांधनारा इंजिनियर. फोनवर परदेशातल्या कुठल्या तरी बागेचा फोटो दाखवून बोलले, "मावशी, अशी भिंतीसारखी लाइन पाहिजे. तुमचं सगळं तिरकं आहे."

"साहेब, सरळ कापली तर खालची पानं मरतील."

"मावशी, थोडं शास्त्र आम्हालाही कळतं."

दुसऱ्या दिवशी ते ओळंबा घेऊन आले. गवंडी भिंतीला लावतो तो ओळंबा, झाडाला. मी जल्मात असलं काय बघितलं नव्हतं. आनि मी कापली. तिथं मी चुकली. मोठा मानूस, शिकलेला मानूस, असेल बाबा त्याचं खरं, म्हनून मी गप्प बसली. दोन वर्सं त्या दोरीबरोबर कापत राहिली आनि घरी जाऊन सुनेवर चिडत राहिली.

व्हायचं तेच झालं. वर हिरवंगार, खाली गुडघ्यापर्यंत नुसत्या काड्या. रस्त्यावरची कुत्री त्यातनं ये-जा करायला लागली. मग मीटिंग झाली. मला बोलावलं नाय, पन तळमजल्यावरच्या आशालताबाई, रिटायर शिक्षिका, त्यांनी मला सगळं सांगितलं. प्रितमसाहेब बोलले म्हने, मावशींचं वय झालं, लक्ष राहत नाही, झाडं मेली. मेलेली झाडं उपटायची आनि तिथं प्लास्टिकचं बॉक्सवूड लावायचं. बारा महिने हिरवं, पानी नको, छाटनी नको. रविवारी टेंपो येनार.

मी त्या रात्री जेवली नाय. पगाराचं मी बघून घेतलं असतं, सून कमावते. पन जिवंत झाडाला मेलेलं बोलायचं आनि त्याच्या जागी प्लास्टिक उभं करायचं, हे माझ्यानं गिळवेना.

रविवारी सहाला मी कातर आनि लहान करवत घेऊन हजर झाली. पयल्या झाडाच्या खालच्या काडीला नख लावलं. साल निघाली, आत हिरवं. दुसऱ्याला लावलं, हिरवं. मग मी पदर खोचला. वरचा हातभर भाग उडवूनच टाकला, बाजू तासून वर निमुळती केली, आतपर्यंत ऊन जाईल अशी. थंडी सरत आलेली, हे दिवस असल्या छाटनीला बरे. दहा वाजेपर्यंत चाळीस झाडं झाली. रांग अशी बोडकी दिसायला लागली की वॉचमननं घाबरून वर फोन लावला.

प्रितमसाहेब घरच्या चपलेत खाली आले. मागनं दहा-पंधरा मानसं. तेवढ्यात गेटात टेंपोपन येऊन उभा राहिला.

"मावशी, हे काय करून ठेवलंत? कोणाला विचारून कापलंत?"

"दोन वर्सं तुमाला इचारून कापली, साहेब. त्यांची ही दशा झाली. आज कोनाला इचारलं नाय."

"ही सोसायटीची प्रॉपर्टी आहे. मेलेली झाडं काढायचा ठराव झालाय."

"मेलेली काढायचा ना? मग काढा. पन आधी दाखवा कुठलं मेलं ते. नख लावा."

ते हसले. मानसांकडं बघितलं. कोनी हसलं नाय. आशालताबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या, त्या शांतपने बोलल्या, "लावा ना प्रितम, नखच तर लावायचंय."

साहेब वाकले. पयलं हिरवं. दुसरं हिरवं. तिसरं त्यांनी मुद्दाम दहा पावलं सोडून निवडलं, सगळ्यात वाळकं दिसनारं, तेही हिरवं. चौथ्याजवळ वाकले आनि तसेच राहिले. नखात हिरवी साल अडकलेली.

"किती दिवस लागतील भरायला?" त्यांनी खालमानेनंच इचारलं.

"फुटायला तीन महिने. पायापासनं भरायला दोन वर्सं. जेवढी तुमी घालवली तेवढीच."

टेंपोवाला ओरडला, माल कुठं उतरवू. साहेब उठले, हात झटकले, त्याला बोलले, "आज नको. परत घेऊन जा." मग माझ्याकडं वळले. चार मानसांत मान राखायचा होता त्यांना, मला ते दिसत होतं. "ठीक आहे मावशी. तीन महिने देतो. पण फुटलं की कटिंग माझ्या लाइननं, सरळ. एवढं ऐकायचं."

आशालताबाईंनी मागनं मला डोळ्यानं खुनावलं, हो बोल, हो बोलून टाक. सगळेच वाट बघत होते. एका शब्दाचं काम होतं. नोकरी राहिली असती, साहेबांचा मान राहिला असता, आनि दोन वर्सांनी परत त्याच काड्या उभ्या राहिल्या असत्या.

"नाय," मी बोलली, आनि एकेचाळिसाव्या झाडाला कातर लावली.